पंधरा लाखांचा भाचा : नाशिकमधील एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण शाळेतल्या समुपदेशनाच्या कामातून माझ्याकडे आलं. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि लिहायला हरकत नाही म्हणताना घरच्यांनीही 'गल्लीत कळायला नको' एवढी एकच अट घातली. म्हणून नावं गाळली आहेत, काही खुणा बदलल्या आहेत. नाती मात्र आहेत तशीच ठेवली, कारण सगळा तंटा नात्याचाच होता: सिडकोतले मामा-मामी, त्यांच्याकडे राहणारा दहावीतला भाचा आणि निफाड तालुक्यातले काका.

पार्श्वभूमी

मुलाचे वडील नाशिकरोडला टेम्पो चालवत. आई घरीच ब्लाउज शिवायची. जेल रोडला भाड्याची जागा. एप्रिल 2021 मध्ये, शहरात बेड आणि ऑक्सिजनसाठी रात्ररात्र फोन फिरत होते त्या दिवसांत, आधी वडील गेले आणि आठवड्याच्या आत आई. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. त्याला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. अंत्यविधी, अस्थी, दहावं, त्या काळात जे काही होऊ शकलं ते मामांनी एकट्याने केलं आणि मग मुलाला दुचाकीवर बसवून सिडकोत आणलं. कोणी कोणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय, सख्ख्या बहिणीचं पोर.

मामा अंबडच्या एका कंपनीत मशीन शॉपला आहेत, पाळीने काम. मामी घरून डबे देतात. त्यांची मुलगी, जिला घरात 'ताई' म्हणतात, भाच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. घर म्हणजे जुनं रो-हाऊस: हॉल, स्वयंपाकघर, एक खोली. भाच्याचं अंथरूण हॉलमध्ये.

त्याच वर्षी सामाजिक तपासणी होऊन बाल कल्याण समितीच्या आदेशाने मुलाचा ताबा मामांकडे आला. दोन्ही पालक गेल्यामुळे दोन योजना लागू झाल्या. पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजनेत मुलाच्या नावे पोस्टात रक्कम ठेवली जाते. ती अठराव्या वर्षी 10 लाख होते, पुढची पाच वर्षं त्यातून दरमहा विद्यावेतन मिळतं आणि तेविसाव्या वर्षी मूळ रक्कम हाती येते. राज्य सरकारची 5 लाखांची मुदत ठेव वेगळी, ती एकविसाव्या वर्षी व्याजासह मिळते. पहिल्या खात्यावर जिल्हाधिकाऱ्यांचं नाव जोडलेलं असतं, दुसऱ्यावर महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं. म्हणजे मामांनी मनात आणलं तरी त्यातला एक रुपया त्यांना काढता येत नाही. हाताशी येणारी रक्कम एकच, बाल संगोपन योजनेची, आता महिन्याला 2,250 रुपये. तीही दरमहा येईलच असं नाही. कधी चार महिन्यांचे एकदम जमा होत.

या सगळ्याची एक निळी फाइल होती. लोखंडी कपाटात, मामींच्या साड्यांखाली. मुलाला ती कधी दाखवली नव्हती. 'त्याला उगाच आठवण येईल' हे मामांचं कारण. बहीण-मेव्हण्याचा फोटोही भिंतीवर नव्हता. तोही फाइलीतच होता, आणि कारणही तेच.

भांडणाची पेरणी

2025 च्या उन्हाळ्यात राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम चालली. उताऱ्यावरच्या मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावण्याची ती मोहीम. निफाडकडच्या जमिनीवर मुलाच्या वडिलांचं नाव तसंच राहिलं होतं. त्यांच्या जागी मुलाचं नाव लागायचं, पण तो अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हणून 'अ.पा.क.' (अज्ञान पालन कर्ता) लिहून पुढे कोणा मोठ्याचं नाव हवं. ते कोणाचं, यावरून मामा आणि काकांची फोनवर चांगलीच जुंपली. मामा हॉलमध्ये येरझारा घालत बोलत होते. मुलगा अंथरुणावर डोळे मिटून पडला होता.

मे महिन्यात तो चार दिवस गावी गेला. काकांनी त्याला सांगितलं, "सरकारनं तुझ्या नावावर पंधरा लाख टाकलेत. कुठं आहेत ते मामाला विचार." तो परत आला तेव्हा दारात खडी आणि वाळू पडली होती. मामांनी घरावर स्लॅब टाकायला काढला होता.

त्याने विचारलं नाही. मला या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला क्षण हाच वाटतो. स्वतःच्या घरातलं मूल अशा वेळी फटकन विचारून मोकळं होतं, फार तर एक धपाटा खातं. आश्रयाला आलेलं मूल विचारत नाही. उत्तर खरं निघालं तर जायचं कुठे, हा हिशेब ते आधीच करून बसलेलं असतं.

जूनपासून तो एका ढोल पथकात जाऊ लागला. नाशिकमध्ये पावसाळा लागला की गोदाकाठी, गंगापूर रोडला, मोकळ्या मैदानांवर सरावाचे ढोल सुरू होतात, आणि या वयाच्या पोरांना तो आवाज घरात बसू देत नाही. सराव रात्री दहापर्यंत, मग चहा, मग कोणाच्या तरी गाडीवर भटकणं. मामा दुसऱ्या पाळीला असले की त्यांना कळायचं नाही. मामींना कळायचं, त्या झाकायच्या. शाळेतली हजेरी घसरली, पहिल्या घटक चाचणीत गणिताचा पेपर त्याने कोरा दिला. वर्गशिक्षिकेने माझ्याकडे पाठवलं ते तेव्हा. पहिल्या भेटीत तो खिडकीबाहेर बघत बसला आणि घंटा झाल्यावर "जाऊ का?" एवढंच म्हणाला.

ती रात्र

ऑगस्टच्या सुरुवातीची रात्र. मामा पाळी संपवून बाराच्या सुमारास घरी आले तर भाचा नाही. तो आला साडेबाराला. मोबाइल मागितला, दिला नाही, हिसकावला. दहावी, फी, मामीचे कष्ट, टवाळ पोरांची संगत, नेहमीची सगळी यादी झाली. मग मामा म्हणाले, "कोणाच्या जिवावर चाललंय हे सगळं?"

मुलगा म्हणाला, "माझ्या आईबापाच्या मरणावर स्लॅब टाकलाय तुम्ही."

मामांचा हात सुटला. एक नाही, तीन-चार. मुलाचा ओठ फुटला. त्याने हाताला लागलेला पितळी तांब्या भिरकावला, तो मामांच्या भुवईवर बसला, टाके पडले. लहान बहीण किंचाळत मोरीत जाऊन बसली. मामा ओरडले, "नीघ! उद्याच उंटवाडीला टाकून येतो तुला." उंटवाडी म्हणजे तिथलं रिमांड होम, नाशिकच्या घराघरांत मुलांना घातली जाणारी ही जुनी धमकी. मुलगा अनवाणी बाहेर पडला.

पहिला निर्णय मामींचा. मामांचं म्हणणं, सकाळपर्यंत येईल, पोलिसांत गेलो तर अब्रू जाईल. मामींनी शेजाऱ्याला उठवलं आणि त्याच्या गाडीवर बसून पोलीस ठाणं गाठलं. अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अज्ञात व्यक्तीविरुद्ध अपहरणाचा गुन्हा नोंदवला जातो. मामा मागून भुवईला रुमाल दाबून तिथे पोहोचले आणि ते शब्द ऐकून हादरलेच; त्यांना वाटलं, गुन्हा आपल्यावरच.

मुलगा सापडला सकाळी, जेल रोडच्या जुन्या इमारतीत, गच्चीच्या जिन्यावर. शेजारच्या त्याच काकूंनी त्याला ओळखलं, चहा-पोहे दिले आणि मामींना फोन केला. सिडको ते जेल रोड हे अंतर तो रात्री चालत गेला होता.

समोर असलेले पर्याय

सापडलेलं मूल बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. तिथे प्रश्न सरळ होता: आता हा कुठे राहणार?

मामा पहिल्या दिवशी म्हणत होते, होस्टेलला टाका, माझ्याच्यानं होत नाही. हे रागाने कमी आणि भीतीने जास्त बोलत होते. बाल न्याय अधिनियमाचं कलम 75 त्यांना कोणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं: ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बालगृहाचा पर्याय खरोखरच विचारात घेतला गेला. घरात मारहाण झाली होती, दोन्ही बाजूंनी रक्त निघालं होतं, आणि लहान मुलगी घाबरून नीट जेवत नव्हती. पण दहावीचं वर्ष अर्ध्यात, शाळा बदलणार, आणि मुख्य म्हणजे 'टाकून येतो' ही धमकी खरी ठरणार. मुलाने ऐकलेला प्रत्येक वाईट अंदाज त्यातून पक्का झाला असता.

दुसरा पर्याय काकांचा. रक्ताचं घर, आजी हयात, जमीन तिथेच. काकांनी तयारीही दाखवली. अडचण अशी की त्याच जमिनीत काका सहहिस्सेदार होते आणि वारस नोंद अडकलेली होती. ज्याच्याशी वाटणीचा प्रश्न आहे त्याच्याच घरी अज्ञान वारस ठेवणं समितीला आणि मलाही धोक्याचं वाटलं. काका लबाड आहेत असं इथे कोणाचंच म्हणणं नव्हतं. पुढे कळलं की भावाच्या नावावरचं विकास सोसायटीचं पीककर्ज त्यांनीच फेडलं होतं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

तिसरा पर्याय मामांकडेच, पण देखरेखीसह: ठरावीक काळाने बाल संरक्षण कक्षाच्या कार्यकर्त्याची भेट, समुपदेशन, आणि पुन्हा हात उचलला गेला तर ताबा बदलण्याची स्पष्ट समज.

मुलाला स्वतंत्र विचारलं गेलं. तो म्हणाला, "मामींकडे राहतो." मामांकडे, असं नाही म्हणाला. आदेश तिसऱ्या पर्यायाचा झाला.

आधी सुरक्षितता

बाकी सगळं सुरू करण्याआधी मी त्याला एक गोष्ट स्पष्ट विचारली: जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार येतो अशी समजूत शिक्षकांमध्ये अजून आहे. तसं काही होत नाही, उलट मूल सुटकेने बोलू लागतं. त्याने सांगितलं, तसं ठरवलेलं काही नाही, पण जिन्यावर बसलेला असताना 'आपण नसतो तर यांचं बरं झालं असतं' हे डोक्यात फिरत होतं. एवढं पुरेसं होतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे तपासणी झाली. औषधाची गरज पडली नाही, दरमहा दाखवायला सांगितलं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या आणि मामींच्या फोनमध्ये टाकला.

घरात दोन नियम ठरले, दोन्ही मामींनी सुचवलेले. आवाज चढला की मामांनी ओट्यावर जायचं. आणि भाच्याने घराबाहेर पाऊल टाकताना कुठे जातोय ते मामींना सांगायचं, रागात असला तरी.

भेटींत काय निघालं

तो बोलू लागला ते ढोलावरून. टिपरू कसं धरायचं, ताशाने इशारा दिला की ढोल कसा फिरवायचा. मग हळूच घर आलं. "ताई जेवताना मामी तिला विचारतात, अजून एक पोळी घेतेस का? मला विचारत नाहीत. टाकतात ताटात."

हे मी मामींना सांगितलं तेव्हा त्या रडल्याच. "विचारलं की तो नको म्हणतो हो मॅडम. पहिल्या वर्षी नको नको करत अर्धपोटी उठायचा. म्हणून विचारणंच सोडलं मी."

मामींनी आणखी एक सांगितलं. सुटीत पाहुणा म्हणून यायचा तेव्हा भाचा मामांना 'अरे मामा' म्हणायचा. राहायला आला आणि वर्षभरात 'अहो'वर गेला. मामांना वाटलं, पोरगं वळणाचं आहे.

मामांच्या भेटी अवघड गेल्या. ते खुर्चीच्या कडेला बसत, घड्याळ बघत, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फीच्या आकड्यात देत. बहिणीबद्दल विचारलं की विषय कंपनीकडे नेत. चार वर्षांत त्यांनी घरात बहिणीचं नाव घेतलं नव्हतं. मुलाला त्याचा अर्थ लागला होता तो असा: यांना आईचं काहीच नाही.

कागद आधी की मन आधी

इथे खरा निर्णयाचा प्रश्न होता. समुपदेशनातली रूढ वाट अशी की आधी राग शमवा, बोलणं सुरू करा, विश्वास बसला की पैशाअडक्याचे विषय काढा. माझ्या बरोबर काम करणाऱ्यांचंही मत तेच पडलं. फाइल आत्ता उघडली तर भडका उडेल. मला उलट वाटत होतं. मुलाच्या मनात पंधरा लाखांचा संशय होता तोवर मामांचं प्रत्येक गोड बोलणं त्याला लाच वाटणार होतं. मामींनी तव्यावरची गरम पोळी वाढली तरी तो मनात म्हणणार, वाढणारच, पैसे माझेच. त्यामुळे कागद आधी.

बैठक घरी नको, असं ठरवलं. घरी मामांची खुर्ची ठरलेली आणि भाच्याचा कोपरा ठरलेला. शाळेत रविवारी रिकाम्या वर्गात बसलो. मामांनी पिशवीतून निळी फाइल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. मी ती मुलापुढे सरकवली.

त्याने सावकाश वाचलं. समितीचा आदेश, पोस्टाचं पासबुक, मुदत ठेवीची पावती. जिल्हाधिकाऱ्यांचं नाव कशाला आहे, विचारलं. सांगितलं. मग बाल संगोपनचं पासबुक आणि क्लासच्या फीच्या पावत्या त्याने ओळीने लावल्या. ज्या मुलाने गणिताचा पेपर कोरा दिला होता तो बेरजा करत होता. एका ठिकाणी थांबला. चार महिन्यांचे एकदम जमा झालेले 9,000 रुपये एकरकमी काढलेले, पण पावती नाही.

मामी काही बोलणार होत्या, मामांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "ताईला डेंगी झाला होता तेव्हा दवाखान्यात भरले. परत टाकायचे होते. राहून गेलं."

वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. मुलगा म्हणाला, "तेव्हा मी पण होतो दवाखान्यात. डबा घेऊन गेलो होतो." आणि त्याने पान उलटलं.

माझ्या मते प्रकरण इथे वळलं. सगळ्या पावत्या चोख असत्या तर मामा निर्दोष ठरले असते, पण मुलगा कदाचित खोटा ठरल्यासारखा बसला असता. एक रक्कम खरोखर इकडची तिकडे झाली होती आणि विचारल्यावर ती मान्य केली गेली. पालकांना मी हिशेब चोख ठेवाच म्हणते, पण जिथे चुकलाय तिथे तो रंगवू नका हे त्याहून जोर देऊन सांगते.

स्लॅबचा कागद शेवटी निघाला: कंपनीच्या पतसंस्थेचं कर्ज आणि पगाराच्या पावतीवरची कपात. पगारपावती त्याने हातात बराच वेळ धरली. सगळं कापून मामांच्या हाती काय येतं हे त्याला पहिल्यांदा दिसलं. मग त्याने विचारलं, "म्हणजे माझे पैसे मिळेपर्यंत मी तुमच्याकडे फुकटच आहे ना?"

मामांना उत्तर सुचलं नाही. ते म्हणाले, "फुकट काय, तुझ्या आईनं मला दहावीपर्यंत सांभाळलंय." बहिणीचं लग्न लवकर झालेलं, मामा शिकायला तिच्याकडे जेल रोडला राहिले होते. हे मुलाला माहीतच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. इतक्या भेटींत त्यांनी ते एकदाही सांगितलं नव्हतं.

ढोल

कागदांनंतर ढोलाचा प्रश्न सोपा वाटला, तरी त्यावर दोन भेटी गेल्या. मामांना पूर्ण बंदी हवी होती. माझा विरोध होता, कारण त्या उन्हाळ्यानंतर मुलगा जिथे वेळेवर जात होता, कोणाचं ऐकत होता आणि घामाघूम होऊन येत होता अशी ती एकच जागा होती. पथकप्रमुखांशी बोलणं झालं. तेही वैतागले होते. दहावीच्या पोरांच्या घरचे फोन त्यांना रोज येत. ठरलं ते असं: सराव शनिवार-रविवार, साडेनऊला घरी, घरी सोडायची जबाबदारी पथकातल्या मोठ्या मुलाची. अनंत चतुर्दशीला वाकडी बारवेपासून निघणाऱ्या मिरवणुकीत वाजवायचं आणि मग ढोल पुढच्या वर्षावर. वेळ दोनदा चुकली. मामांनी दोन्ही वेळा ओट्यावर बसून वाट पाहिली, बोलले काही नाहीत. मिरवणुकीच्या दिवशी त्यांना पाळी बदलून मिळाली नाही. मामी आणि लहान बहीण बघायला गेल्या.

रामकुंड

पितृपक्ष लागल्यावर एका भेटीत मुलाने मला विचारलं, "अस्थी कुठे सोडल्या असतील?" चार वर्षं तो रामकुंडावरून ये-जा करत होता, पथकातली मुलं तिथेच चहाला थांबत, आणि त्याला हे माहीत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. प्रश्न मामांना विचार म्हटलं. त्याने विचारला. सर्वपित्री अमावास्येला मामांनी रजा टाकली आणि दोघं रामकुंडावर जाऊन तर्पण करून आले.

विधी केल्याने दुःख हलकं होतं असं मी कोणाला सांगत नाही. दुसऱ्या एखाद्या घरात याच प्रश्नाचं उत्तर दवाखान्याची फाइल वाचून किंवा नुसता फोटो भिंतीवर लावून दिलं गेलं असतं. इथे मुलाला जागा हवी होती आणि मामांना बोलायला निमित्त. परतताना मामांनी त्याला एप्रिल 2021 चे ते आठ दिवस सांगितले. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दोघं घरी पोहोचले तेव्हा दुपार टळून गेली होती आणि मामींनी वाढून ठेवलेली पानं गार झाली होती.

काय बदललं, काय नाही

मारहाण पुन्हा झाली नाही. नोव्हेंबरमध्ये सहामाहीचे गुण आले तेव्हा मामांचा हात वर गेला होता, तो तिथेच थांबला आणि ते बाहेर गेले. हे मला मुलानेच सांगितलं. फोटो हॉलमध्ये लागला. निळी फाइल आता भाच्याच्या ताब्यात आहे. कपाटाचा एक खण त्याला दिला आहे आणि किल्ली त्याच्याकडे असते. वरची खोली भाड्याने गेली, कारण कर्जाचा हप्ता चुकवता येत नव्हता. भाचा अजून हॉलमध्येच झोपतो. आधी खोली त्यालाच द्यायचं चाललं होतं. त्याने स्वतःच भाड्याचा हिशेब मांडून नको म्हटलं. हे समजूतदारपणातून आलं की अजून पाहुण्यासारखं वागण्यातून, याबद्दल माझ्या मनात शंका आहे आणि ती मी मामींना बोलून दाखवली आहे.

अभ्यास फारसा सुधारला नाही. गणितात तो काठावर आहे. अकरावीचा हट्ट मामांनी सोडला. सातपूरच्या आयटीआयमध्ये मशिनिस्टला टाकायचं दोघांत बोलणं झालं आहे. मामा त्याला एका रविवारी व्हर्निअर धरायला शिकवत होते. तिथेही त्यांचं वाजलं, पण ते रीडिंगवरून.

वेगळं काय करता आलं असतं

2021 मध्ये फाइल बनली तेव्हाच दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत तीन गोष्टी सांगायला हव्या होत्या: तू इथे कोणाच्या आदेशाने राहतोस, तुझ्या नावावर काय आहे आणि ते कोणाला काढता येत नाही. पासबुक वर्षातून एकदा त्याच्या समोर भरून आणलं असतं तरी काकांचं ते वाक्य हवेत विरलं असतं. आकडा त्यांनी खोटा सांगितला नव्हता, हे काकांनीही मला ठणकावून सांगितलं. त्यांची खंत वेगळीच होती: दोन उन्हाळे पोराला गावी पाठवलं नाही. मामांनी काकांशी बोलणं तोडलं नसतं, आणि वारस नोंदीचा विषय मुलाच्या अंथरुणाशेजारी उभं राहून फोनवर काढला नसता, तर मे महिना साधा गेला असता.

शाळेच्या बाजूने: प्रवेश अर्जावर 'पालक' या रकान्यात मामांचं नाव होतं, नातं 'मामा'. पाच वर्षं एकाही शिक्षकाने त्यापुढचा प्रश्न विचारला नाही. पालकसभेला कोण येतं एवढंच पाहिलं गेलं. ज्या मुलांचा ताबा नातेवाइकांकडे आहे त्यांची वेगळी नोंद ठेवून वर्षाच्या सुरुवातीला एक भेट घेणं अवघड नाही. या शाळेत आता ते सुरू केलं आहे.

समितीचा आदेश हातात असला तरी तो मुलाला सांभाळण्यापुरता आहे, हेही मामांना उशिरा कळलं. प्रत्यक्ष सांभाळतो म्हणून कोणाला अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 11 तेच सांगतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्या वकिलांनी मामा आणि काकांना एकत्र बसवलं. मुलाचं नाव उताऱ्यावर लावण्यावर दोघांचं एकमत झालं, अर्ज गेला आहे. 'अ.पा.क.' पुढे कोणाचं नाव घालायचं, यावर मात्र पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं, आणि त्या बैठकीला मुलानेही बसायचं.